गाडीला हौसेचा रंग द्यायचाय? विकताना किती फटका बसतो आणि तो कसा कमी करायचा

पांढरी किंवा चंदेरी गाडी घेतली, काही वर्षं चालवली, आणि आता ती गर्द निळी, मॅट करडी किंवा मिलिटरी हिरवी करावी असं मनात आलंय. हौस रास्त आहे. रोज जिच्यात बसायचं ती गाडी आपल्याला आवडेल अशी दिसावी, यात गैर काही नाही. पण पुढेमागे ती विकायची असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: फॅक्टरीतून आलेला रंग बदलला की सेकंड हँड बाजारात बहुतेक वेळा भाव कमी मिळतो. किती कमी, हे मात्र निळा की करडा यावर फारसं ठरत नाही. काम कसं झालंय, आरसी आणि गाडी यांचा रंग जुळतो का, आणि गाडी किती जुनी असताना विकताय, यावर ते ठरतं. या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतात.

मिलिटरी हिरवा मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना देता येतो. जीप-थारच्या हौशी मालकांना गॅरेजवाला ‘चालतंय की, कोण बघतंय’ म्हणतो. पण विकायच्या वेळी तीच गाडी नव्या मालकाच्या नावावर करताना अडते.

भाव नेमका कशामुळे पडतो

जुनी गाडी बघायला आलेला माणूस बॉनेटवर हात फिरवतो आणि विचारतो, ‘कंपनी पेंट आहे ना?’ हा प्रश्न रंगाच्या आवडीनिवडीचा नसतो. गाडी कुठे ठोकलेली आहे का, गंजलेली आहे का, पुरात बुडाली होती का, हे त्याला शोधायचं असतं. पूर्ण गाडी रंगवली की हे पुरावे झाकले जातात. तुम्ही फक्त हौसेपोटी रंग बदललेला असला तरी समोरच्याला ते कळायला मार्ग नसतो, आणि त्या शंकेचे पैसे तो किमतीतून कापतो.

दुसरं कारण गिऱ्हाइकांच्या संख्येचं. भारतात पांढरा रंग वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त खपतो, त्यामागे काळा, करडा असे साधे रंग. पांढऱ्या हॅचबॅकला दहा जण विचारणार असतील तर चकचकीत जांभळीला दोघे विचारतील. डीलरला गाडी महिनाभर दारात उभी ठेवायची नसते, म्हणून तो मनातल्या मनात ती पुन्हा साध्या रंगात आणायचा खर्च धरतो आणि तेवढा कमी भाव सांगतो.

इथे एक गल्लत होते. अमेरिकेतल्या आयसीकार्स या संस्थेच्या पाहण्यांत पिवळ्या गाड्यांची किंमत इतरांपेक्षा कमी घसरल्याचं अनेकदा दिसलं आहे, आणि त्यावरून ‘वेगळा रंग म्हणजे जास्त भाव’ असा निष्कर्ष काढला जातो. पण त्या गाड्या कंपनीनेच पिवळ्या बनवलेल्या होत्या. कमी निघाल्या म्हणून हव्याहव्याशा राहिल्या. तुमच्या गल्लीतल्या गॅरेजात पिवळी झालेली पांढरी गाडी त्या हिशेबात बसत नाही.

पायरी १: आधी कागदावर हिशेब मांडा

रंग द्यायच्या आधी दोन डीलरांकडून आणि एखाद्या ऑनलाइन खरेदी कंपनीकडून आज गाडीला काय भाव मिळतो ते विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत. मग रंगाचं कोटेशन घ्या. हॅचबॅकचं चांगलं काम पुण्या-मुंबईत साधारण ५० हजारांपासून एक लाखाच्या आसपास जातं. एसयूव्ही, पर्ल (मोत्यासारखी झाक असलेला) किंवा मॅट (चमक नसलेला) रंग असेल तर त्याहून वर.

समजा, गाडीला आज ४,५०,००० रुपये मिळतायत आणि रंगाचे ८०,००० लागणार आहेत. वर्षभरात विकायला काढली आणि डीलरने रंगापायी ६०,००० कापले, तर हौस तुम्हाला १,४०,००० ला पडली. रंगावर घातलेले ८०,००० कुणी परत देत नाही, हे पक्कं धरून चाला. तीच गाडी आणखी सहा वर्षं चालवली आणि तेव्हा तिची किंमत दीड लाखावर आलेली असली, तर घासाघीस १५-२० हजारांवर येते. म्हणजे लाखभर रुपयांत सहा वर्षं मनासारखी गाडी. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी पाच-सहा वर्षांच्या आतली असेल आणि दोन-तीन वर्षांत बदलायची असेल, तर रंग बदलू नका. ती दहा वर्षं जुनी असेल, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) छपरावरून सोलून निघत असेल, गाडी ठेवायचीच असेल, तर खुशाल द्या. तशा गाडीला चांगल्या रंगाने थोडा फायदाही होऊ शकतो, पण तो मूळच्याच रंगात दिला तर.

वॉरंटी चालू असेल तर गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेतलं रंग आणि गंजाचं पान वाचा. बाहेर रंग दिल्यावर त्या बाबतीतली जबाबदारी कंपनी सहसा घेत नाही.

पायरी २: रॅपचा विचार आधी करा

रंग बदलण्याची हौस आणि रीसेलची काळजी दोन्ही असेल, तर विनाइल रॅप, म्हणजे गाडीवर चिकटवायची रंगीत प्लास्टिकची फिल्म, हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे. मूळ रंग खाली शाबूत राहतो, आणि विकायच्या आधी फिल्म काढली की कंपनी पेंट दाखवता येतो. आपल्याकडच्या उन्हात चांगली फिल्म तीन ते पाच वर्षं टिकते. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर छप्पर आणि बॉनेट आधी जातात. फिल्म वेळेत काढा. उन्हाने कडक झालेली फिल्म तुकड्यातुकड्यांनी निघते आणि गोंद मागे ठेवते. ज्या पॅनलला आधी हलक्या प्रतीचा रंग मारलेला आहे, तिथे फिल्मसोबत रंगही सोलून येऊ शकतो, हे रॅपवाल्याला सुरुवातीलाच सांगा.

रॅप आहे म्हणून कागदांतून सुटका होते असं समजू नका. आरसीवर पांढरा आणि रस्त्यावर हिरवी गाडी दिसत असेल तर अडवणाऱ्या पोलिसाला खाली काय आहे ते दिसत नाही. पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) मात्र रंग बदलत नाही, फक्त ओरखड्यांपासून वाचवते, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही.

पायरी ३: रंग निवडताना दुरुस्तीचा विचार

आपल्या रहदारीत बंपर घासला जाणारच. म्हणून विचारायचा प्रश्न असा: उद्या एकच दरवाजा पुन्हा रंगवावा लागला तर तो बाकीच्या गाडीशी जुळेल का? साधा सॉलिड रंग जुळतो. मेटॅलिक चांगल्या रंगाऱ्याच्या हातून जुळतो. तीन थरांचा पर्ल किंवा कँडी रंग जुळवायला शेजारच्या पॅनलवरही रंग ओढत न्यावा लागतो, म्हणजे एका ओरखड्यासाठी अख्खी बाजू. मॅटला तर पॉलिशच करता येत नाही. घासलं की तो भाग चमकतो आणि चमकलेला मॅट पुन्हा मॅट होत नाही.

सगळ्यात सुरक्षित निवड म्हणजे त्याच मॉडेलला, त्याच कंपनीने दिलेला दुसरा रंग. त्याचा कोड उपलब्ध असतो, रंग मिळतो, आणि बघणाऱ्याला गाडी परकी वाटत नाही. पांढऱ्या गाडीला फक्त काळं छप्पर करायचं असेल तरी हेच लागू. कंपनी ज्या मॉडेलला दोन रंगी छप्पर देते, त्याला ते शोभतं आणि खपतंही.

पायरी ४: बँक, आरटीओ, विमा

बहुतेक लोक इथेच कंटाळा करतात, आणि नंतर भावात सगळ्यात जास्त मार इथेच बसतो.

आरसीवर गाडीचा रंग छापलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि गाडी यांत तफावत पडेल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि बदल झालाच तर १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला, म्हणजे तुमच्या आरटीओला, कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याला मनाई करणारा निकाल दिला, तेव्हापासून ‘आता रंगही बदलता येत नाही’ अशी समजूत पसरली आहे. कायद्याने ‘अल्टरेशन’ची व्याख्या गाडीच्या रचनेतला असा बदल अशी केली आहे, ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. रंग म्हणजे रचना नव्हे. पण तो आरसीवरचा तपशील आहे, म्हणून नोंद हवीच. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, तेव्हा हा विषय हसण्यावारी नेऊ नका.

क्रम असा ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची लेखी संमती. मग रंग देण्याआधीच आपल्या आरटीओत जाऊन रंग बदलाच्या नोंदीसाठी काय लागतं ते विचारा आणि अर्ज करा. आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, बँकेचं पत्र आणि रंगकामाचं बिल ही कागदपत्रं तयार ठेवा. काम झाल्यावर मोटार वाहन निरीक्षकाला गाडी दाखवावी लागते. शेवटी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीच्या माहितीत नवा रंग दिसतो का ते स्वतः बघा. छापील आरसीवर बदल झाला आणि ऑनलाइन जुनाच राहिला, तर खरेदीदार ऑनलाइन असलेलंच खरं मानेल.

विमा कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा. एक प्रश्न नेमका विचारा: अपघातानंतर दुरुस्तीत माझ्या या खास रंगाचा खर्च मिळेल, की कंपनीच्या साध्या रंगाएवढाच? उत्तर काहीही आलं तरी ते लेखी असू द्या.

पायरी ५: रंग देण्याआधी गाडीची नोंद काढा

रंग बदलूनही भाव टिकवायचा असेल तर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि ती जवळपास कुणीच करत नाही.

फॅक्टरीत गाडीचा कोरा सांगाडा विजेच्या साहाय्याने चढणाऱ्या प्रायमरच्या टाकीत बुडवतात, त्याला ई-कोट म्हणतात. त्यावर प्रायमर, बेस कोट आणि क्लिअर कोट येतो, आणि हे थर दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजले जातात. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. गॅरेजात गाडी पुन्हा रंगवली की हा आकडा २०० ते ३०० च्या घरात जातो. जिथे खड्डा बुजवायला लांबी (पुट्टी) भरलेली असते तिथे तो ५०० च्या वर, कधी हजाराच्याही पुढे जातो. सेकंड हँड गाड्या घेणाऱ्या कंपन्या आणि जाणकार खरेदीदार पेंट मीटर लावतात तो याचसाठी.

म्हणून रंगाला सोडण्याआधी तुम्हीच मीटर लावून घ्या. एखाद्या डिटेलिंग सेंटरला सांगितलं तर थोड्या पैशांत करून देतात. बॉनेट, दोन्ही फेंडर, चारही दरवाजे, छप्पर, डिकी, पिलर यांचे आकडे कागदावर उतरवा, प्रत्येक रीडिंगचा मीटरसह फोटो काढा. प्लास्टिकच्या बंपरवर साधा मीटर चालत नाही, ते सोडून द्या. अॅल्युमिनियमचं बॉनेट असेल तर त्या धातूवर चालणारा मीटर लागतो. रंग घासल्यावर, नवा प्रायमर चढण्याआधी, पुन्हा फोटो काढा. या फोटोंत लांबीचा गोळा कुठेच दिसत नसेल, तर पुढे ‘ठोकलेली आहे’ म्हणणाऱ्याला तुमच्याकडे उत्तर असतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरची पूर्ण हिस्ट्री आणि विम्याच्या क्लेमचा तपशील याच फाइलमध्ये लावा.

पायरी ६: गॅरेज आणि काम

बंद बूथ आणि तापवायची सोय असलेलं गॅरेज निवडा. उघड्यावर, ताडपत्रीखाली मारलेल्या रंगात धूळ बसते. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे रंग दुधाळ पडतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम टाळाच. गॅरेजच्या बूथमध्ये तापमान ६० अंशांच्या आसपासच ठेवतात, कारण तयार गाडीत वायरिंग आणि प्लास्टिक असतं. फॅक्टरीसारखा भाजलेला रंग गॅरेजात मिळत नाही तो यामुळे. त्यामुळे हार्डनर मिसळलेला चांगल्या कंपनीचा टू-के रंग आणि क्लिअर कोटच घ्या. पीपीजी, अॅक्झोनोबेल, निप्पॉन अशी नावं बिलावर आली पाहिजेत.

गॅरेजवाल्याशी बोलताना या गोष्टी ठरवून, लिहून घ्या. जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडायचा नाही. गंज नसेल तिथे वरचा थर फक्त घासून त्यावर काम करायचं. फॅक्टरीचा ई-कोट हे गंजाविरुद्धचं सगळ्यात भक्कम कवच आहे. रत्नागिरी, अलिबाग, वसई अशा खाऱ्या हवेत ते घालवणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

दाराच्या कडा, दाराच्या आतली चौकट, डिकीची आतली बाजू, पेट्रोलचं झाकण, बॉनेटची खालची बाजू, सगळं नव्या रंगात हवं. खर्च इथेच वाढतो आणि पैसे वाचवायला लोक इथेच सोडतात. खरेदीदार दार उघडतो, चौकटीत जुना पांढरा दिसतो, आणि तिथेच त्याच्या डोक्यात पाच-दहा हजार आणखी कमी होतात. इंजिन बेपर्यंत, म्हणजे बॉनेटखालच्या इंजिनच्या जागेपर्यंत, रंग पोचवणं शक्य नसेल तर ती नीट मास्क करून मूळ रंगातच स्वच्छ ठेवा. अर्धवट उडालेला फवारा सगळ्यात वाईट दिसतो.

बीडिंग (काचा-दारांच्या रबरी पट्ट्या), दिवे, हँडल, चिन्हं काढून रंग द्यायचा, चिकटपट्टी लावून नव्हे. रबरावर उडालेला रंग कधीच सुटत नाही आणि लगेच ओळखू येतो. काढलेले बोल्ट डब्यात नीट ठेवायला सांगा. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग तुटलेला दिसला की जाणकार माणूस ‘बॉनेट उघडलंय’ म्हणतो. तुमच्या फाइलमध्ये कारण असेल तर हरकत नाही.

चासी नंबरवर रंगाचा थर चढू द्यायचा नाही. कोरलेले आकडे भरून गेले, तर निरीक्षक गाडी परत पाठवतो आणि चोरीच्या गाडीचा संशय येतो तो वेगळाच. कंपनीच्या प्लेट आणि टायरच्या हवेचं स्टिकरही झाकून ठेवायला सांगा.

नंबर प्लेटचंही विचारून घ्या. हाय सिक्युरिटी प्लेटचं लॉक एकदाच बसतं, काढलं की तुटतं. शक्य असेल तर प्लेट न काढता काम, नाहीतर अधिकृत ठिकाणी पुन्हा बसवून घ्यायची तयारी.

काम झाल्यावर जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर गाडीचा नंबर, आधीचा रंग, नवा रंग, रंगाचा ब्रँड आणि मिश्रणाचं सूत्र असावं. उरलेला रंग छोट्या घट्ट डब्यात मागून घ्या.

दुचाकीला सोपा उपाय

बुलेट किंवा इतर मोटारसायकलवर ही सगळी चिंता निम्म्याने कमी होते, कारण टाकी, मडगार्ड आणि साइड पॅनल सुटे निघतात. मूळ सेट कपड्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, दुसरा सेट घेऊन त्यावर हवा तो रंग द्या, आणि विकताना मूळ परत चढवा. टाकीत गंज धरू नये म्हणून आतून तेलाचा हलका हात फिरवून ठेवा. दुसरा सेट गाडीवर असेपर्यंत आरसीची नोंद कारसारखीच लागते. चासीला पावडर कोटिंग करणार असाल तर स्टिअरिंगजवळच्या नंबरची काळजी आणखी जास्त. जाड थराखाली तो सहज गडप होतो.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी हिशेबच उलटा आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी-चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, आणि तिला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. अशा गाडीला त्या वर्षी कंपनीने दिलेला रंग हीच शोभा आणि हीच किंमत. तिच्यावर हौसेचा रंग चढवू नका. कुणी चढवलेला असेल तर दाराच्या कडेत किंवा डॅशबोर्डखाली मूळ रंगाचा अंश शोधा आणि त्यावरून परत जुळवा.

रंग आधीच दिलाय आणि कागद राहिलेत?

विकायला काढण्यापूर्वी नोंद करून घ्या, गिऱ्हाईक आल्यावर नव्हे. नावबदलीच्या वेळी तफावत समोर आली की सौदा लांबतो आणि लांबलेल्या सौद्यात भाव तुमचाच पडतो. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करतानाही गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते, तेव्हाही हाच प्रश्न येतो.

पायरी ७: विकताना

जाहिरातीत पहिल्या दोन ओळींतच लिहा: मूळ रंग अमुक, अमुक साली बदलून तमुक केला, आरसीवर नोंद आहे, आधीच्या पेंट मीटरचे आकडे आणि बिल उपलब्ध. लपवलेलं मीटर लावल्यावर उघड होतंच, आणि तोपर्यंत समोरच्याचा बाकी सगळ्यावरचाही विश्वास उडालेला असतो. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, उघड्या दारांचे आणि बॉनेटखालचेही टाका.

अशा गाडीला डीलरपेक्षा थेट गिऱ्हाईक बरं. डीलर सरासरी गिऱ्हाइकाचा विचार करतो, तुम्हाला तो एकच माणूस हवा असतो ज्याला हाच रंग आवडतो. त्या मॉडेलच्या मालकांच्या गटांत, ओळखीच्यांत आधी विचारा. थोडा वेळ हाताशी ठेवा. विमा संपत आलाय, नवी गाडी बुक झालीय, अशा घाईत वेगळ्या रंगाची गाडी विकायला काढली तर येईल तो भाव घ्यावा लागतो.

सौदा ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. त्यासोबतच्या डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळेखाली एक ओळ वाढवा: ‘गाडीचा मूळ रंग आणि बदललेला रंग खरेदीदाराने पाहिला, आरसीवरील नोंद तपासली.’ त्यावर त्याची सही घ्या, आणि फाइल, रंगाचं सूत्र आणि तो उरलेल्या रंगाचा डबा त्याच्या हाती द्या.